पेटीला म्हटलं, 'या हं परत'

मंडळी, आज जिभेने माझी फजिती केली.

इंग्लंडमधल्या आमच्या म्युझियममध्ये, ऑस्ट्रेलियाजवळच्या एका बेटावरून पूर्वी उचलून आणलेल्या अस्थी होत्या. आज त्या घरी निघाल्या. त्याच बेटावरच्या एक आजी न्यायला आल्या होत्या. फॉर्मवर मी 'वस्तू' लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून 'आजोबा' लिहिलं.

अस्थींची पेटी व्हॅनमध्ये चढली आणि सवयीने मी मराठीतच म्हणाले, "या हं परत."

आजींनी अर्थ विचारला. मी चाचरत सांगितला आणि सॉरी म्हटलं.

त्या हसल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "आजोबांनी पाहुणचार पुष्कळ घेतला. आता तू ये आमच्याकडे."

पळवून आणलेल्या पाहुण्याला निरोप देताना काय म्हणायचं, कुणाला माहीत आहे?