यंत्रबाईंची चूक

माझ्या थोरल्या जाऊबाई पहिलीला गणित शिकवतात. मी शेजारच्या वर्गात, दुसरीला. मुलं त्यांना यंत्रबाई म्हणतात, कारण वर्गात त्या खरंच यंत्र होतात. मुलांनी हुकूम सोडायचे, "पुढे चला", "उजवीकडे वळा", आणि बाईंना खिडकीतल्या घंटीपर्यंत न्यायचं. सांगितलं तेवढंच बाई करणार. हुकूम चुकला की भिंतीला नाक लावून उभ्या! मग कुठली पायरी चुकली ते मुलांनीच शोधायचं. शोधणाऱ्याला टाळ्या, चुकणाऱ्यालाही टाळ्या. घरी मिठाचा डबा जागेवर नसला तर आकाशपाताळ एक करणारी ही बाई तिथे चुकांचे लाड करते, याचं मला भारी हसू यायचं.

वर्गात एक अबोल मुलगी होती. तिच्या तोंडून शब्द निघायची मारामार. चुका शोधता शोधता ती बोलायला लागली. जाऊबाईंना तिचं कोण कौतुक!

मग पाहणीला पाहुणे येणार असं कळलं. त्यांना खेळ पटला तर तो सगळ्या वर्गांत सुरू होणार होता. जाऊबाईंनी धसका घेतला आणि मुलांकडून हुकूम चक्क पाठ करून घेतले. नेमकं त्या दिवशी शिपायानं पाहुण्यांसाठी टेबल आणून वाटेतच ठेवलं. मुलं पाठ केलेलं घडाघडा म्हणत सुटली. बाई टेबलापाशी आल्या आणि हळूच वळसा घालून पुढे गेल्या. घंटी वाजली. पाहुणे खूश.

"बाई, चूक! आम्ही वळा म्हटलंच नव्हतं!" ती मुलगी आनंदानं उभी राहिली होती.

"खाली बस! आगाऊपणा नकोय," जाऊबाई खेकसल्या.

संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी मान वर केली नाही. "पोर बरोबर होती गं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

"मग तिला सांगा की तसं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं. "काल चूक माझी होती. वर तुझ्यावर ओरडले, तेही चुकलं." मुलीनं मान हलवली. मग त्यांनी फळ्यावर घंटीची वाट बाणांनी काढली, एक बाण मुद्दाम उलटा, आणि तिला पुढे बोलावलं. मी दारातूनच पाहत होते. पोरीची नजर बरोबर त्या बाणावर थांबली.

"सापडली का चूक?"

तिनं आधी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"नाही, बाई. सगळं बरोबर आहे."