बाबांच्या कबरीतली थोरली

माझे बाबा गेले तेव्हा आईला दुःखापेक्षाही मोठी चिंता लागली होती, आणि ती चिंता नव्वद सालच्या आसपास अख्ख्या भाईंदरला लागलेलीच होती: जागेची.

आमच्या चर्चच्या कबरस्तानात आमच्या घराची एकच कबर. तिच्यात आधीपासून एक बाई होती. बाबांची पहिली बायको, माझ्या ताईची आई. आम्ही तिला थोरली म्हणायचो. आईनं तिच्या फोटोला वर्षानुवर्षं हार घातले, कधी नाक मुरडलं नाही. आईच्या हिशेबी स्वर्गात नुसता उजेड होता, आणि उजेडाला कसली सवत!

घात केला फादरांनी. मयताजवळ प्रार्थना करताना ते तळमळून सांगू लागले, की उठणार ते हेच शरीर, हेच हात, हेच गुडघे. देव ही मातीसुद्धा टाकून देणार नाही, नवी करणार. सगळ्यांचे डोळे भरून आले. आईचे विस्फारले.

तिनं फादरांना ओट्यावर गाठलं. "फादर, ते उठतील तवा बाजूला ती असल. मंग मी?"

फादर तरुण होते. धीर द्यायला म्हणाले, "मावशी, तिथं कुणी कुणाचा नवरा नसतो, कुणी कुणाची बायको नसते."

"न्हाय?" आईनं फादरांची बाही धरली. "मंग इतकी वर्सं मी कोन व्हते?"

दुपारी कबर उघडली. खणणाऱ्यानं थोरलीची हाडं पांढऱ्या फडक्यात बांधली. रीत अशी, की जुनी हाडं नव्या पेटीच्या पायाशी ठेवायची, नाहीतर भिंतीतल्या कोनाड्यात. ठरवायचं घरच्यांनी, म्हणजे आईनं. ताई समोर उभी. तिला लहानाची मोठी आईनंच केलेलं. तिची नजर फडक्यावर.

मी हळूच म्हटलं, "कोनाडा बरा, आई. हवेशीर." माझे विनोद सहसा फसत नाहीत. तो फसला.

बाबांची पेटी खाली सोडली. आईनं फडकं हातात घेतलं. "किती हलकी," एवढंच म्हणाली. मग खणणाऱ्याला, "पायाशी नको. खांद्याशी ठेव."

ताई हंबरडा फोडून तिच्या गळ्यात पडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण नजर खड्ड्यात. दुसऱ्या खांद्याकडची जागा ती डोळ्यांनीच मापत होती.

त्यानंतर रविवारी चर्चमध्ये श्रद्धेची कबुली म्हणताना शरीर पुन्हा उठण्याची ओळ आली, की शेजारी आईचा आवाज बंद. पुढे माझं लग्न झालं तरी तेच. मी कोपरानं ढोसलं, तर पुढे बघतच पुटपुटायची,

"तू म्हन. तुला एकच बायको हाय."