काकूंच्या विहिरीचं पाणी

जमिनीत मुरलेलं तेल शोधणं हे माझं काम. कुणी विचारलं की मी ऐटीत ‘भूजल तपासणी’ म्हणते. या धंद्यात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात : प्रयोगशाळेचा अहवाल काम देणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत आजूबाजूच्या लोकांशी चकार शब्द काढायचा नाही. तो मी पंधरा वर्षं पाळला आणि त्याचा मला अभिमानही होता. आता त्या अभिमानाची लाज वाटते.

पुणं सोडून म्हैसूरला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी बेळगोळच्या रस्त्यावरचा एक बंद पडलेला पेट्रोल पंप माझ्याकडे आला. जागा विकायची होती आणि घेणाऱ्याला जमिनीखाली काय आहे ते आधी कळायला हवं होतं. पुरलेल्या टाक्या गंजल्या असणार हे वरूनच दिसत होतं. पहिलंच भोक पुरुषभर खोल गेलं आणि करडी, ओली माती वर आली. तिचा असा भपकारा आला की यंत्रावरच्या माणसाने तोंड फिरवलं. चार भोकं पाडून पाण्याची पातळी मोजली. जमिनीखालचं पाणी पूर्वेकडे सरकत होतं. पूर्वेला कुंपणाची भिंत होती, भिंतीपलीकडे एक घर आणि घराच्या परसात विहीर.

मी यंत्रावरच्या माणसाला चिडून मराठीत काहीतरी बोलले, ते त्या घरातल्या काकूंनी ऐकलं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, पाच पिढ्या म्हैसुरातल्या. भिंतीवरून डोकावून त्यांनी विचारलं, मराठी अल्वा, मराठीच ना? आणि मला आत बोलावलं. त्यांच्या मराठीत अर्धं कन्नड होतं. तरी ‘ये गं, बैस’ ऐकल्यावर मी हातातलं काम टाकून गेले. म्हैसुरातल्याच विजयनगर भागातल्या फ्लॅटमध्ये मी एकटीच राहत होते आणि असं हक्काने मला कितीतरी दिवसांत कुणी बोलावलं नव्हतं.

काकू दुखावलेल्या होत्या. चहाला वास येतो म्हणून मुलाने विहिरीचं पाणी प्यायचं बंद केलं होतं आणि नळाचं पाणी भरलेले कॅन स्वयंपाकघरात आणून ठेवले होते. सासूबाईंच्या हातची विहीर, अख्खी गल्ली डाळ शिजवायला इथलं पाणी नेते, आणि आजकालची पोरं नाकं मुरडतात. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी मला सरळ विचारलं, सातव्या महिन्यातली मुलगी पुढच्या आठवड्यात बाळंतपणाला येणार आहे, तिला हे पाणी द्यावं ना? मी पढवलेल्या पोपटासारखी म्हणाले, नमुना घेते, अहवाल आला की सांगते. ‘तोवर नको’ हे दोन शब्द पुरले असते. मी ते बोलले नाही.

बाटल्या काठोकाठ भरल्या, हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते उलट्या करून पाहिलं आणि बर्फाच्या पेटीत ठेवल्या. कामात माझी एक चूक निघायची नाही. तेवढ्यात काकू गुळाचा खडा आणि पाण्याचं भांडं घेऊन आल्या. आलेल्या माणसाला त्या घरात नळाचं पाणी कधी दिलं गेलं नव्हतं. भांडं ओठांशी येण्याआधीच मला वास आला. काकू समोर उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. आईच्या वयाच्या बाईने गूळ-पाणी पुढे केलं तर नाही म्हणू नये, हे आमच्या घरचं वळण. मी दोन घोट प्यायले आणि वर ‘गोड आहे’ म्हणाले. गूळ गोड होताच की, अशी मनाची समजूतही घातली.

अहवाल यायला तीन आठवडे लागले. पेट्रोलमधलं जे पिण्याच्या पाण्यात असूच नये, ते त्यात भरपूर होतं. काम देणाऱ्याला कळवण्याआधी मी काकूंच्या घरी गेले. नियम मोडला, पण कधी, तर चोर पळून गेल्यावर.

फाटक मुलाने उघडलं. मी कागद पुढे केला. त्याने तो शेवटपर्यंत वाचला आणि आवाज न चढवता सगळं सांगितलं. मी नमुना घेऊन गेले त्याच दिवशी आईने कॅन परत पाठवले होते. पाणी तपासणारी बाई स्वतः प्यायली, असं तिने गल्लीत चार घरी सांगितलं होतं. बहीण येऊन पंधरा दिवस झाले होते आणि तेव्हापासून तीही हेच पाणी पीत होती. मी म्हटलं, तिला आजच डॉक्टरांकडे न्या, हा कागद दाखवा.

काकू बाहेर आल्या. मी त्यांचे हात धरले आणि माझं चुकलं म्हणाले. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“वास मला पण येत होता, नोडु, बघ गं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तू प्यायलीस, मग मला वाटलं आपल्यालाच भास होतो. लेक पण म्हणत होती, अम्मा, वास येतो. मी तिला रागावून पाजलं.”