लेकीनं कबूल केलेला फेस

माझी लेक वाशीला सोसायटीत दिली. जावई बँकेत, व्याही सरकारी नोकरीतून निवृत्त, विहीणबाई शाळेत शिकवायच्या. माणसं चांगली. पण चांगली माणसं हळू आवाजात बोलतात आणि हळू आवाजातलंच जास्त लागतं.

लग्नानंतरची पहिली धुळवड आठवड्यावर आली होती. लेकीच्या सासरी चहा पिता पिता विहीणबाई म्हणाल्या, "गावठाणात म्हणे चिखल नि ऑइलपेंट फासतात एकमेकांना. मला बाई भीतीच वाटते." माझी लेक माझ्यावर गेलेली. कप खाली ठेवून म्हणाली, "आमच्याकडे तसं नसतं. आमच्याकडे फेसाची धुळवड असते. मोठ्या हॉटेलात करतात तशी. माझे बाबा करतात."

"अय्या! मग यंदा आम्ही सगळेच येतो," विहीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लेक घणसोलीला घरी आली ती तोंड पाडूनच.

"बाबा, मी बोलली. आता काय करू?"

"फेस म्हंजे? साबनाचा?"

"हो. मानूस बुडेल एवढा."

"तू कुठं बघलास?"

"टीव्हीवर."

बायको चुलीपाशी होती, तिथूनच हसली. "अवो, दाढी करताना तुमच्या गालाला फेस धड लागत नाय. तुमी काय मानसं बुडवनार?"

झालं. ती हसली नसती तर कदाचित मी सोसायटीवाल्यांना ताप आल्याचा निरोप धाडला असता. पण आता नाही. म्हटलं, पोरीनं सांगितलंय ना बाबा करतात? मग बाबा करतात. सासरी ती खोटी पडली तर जन्मभर त्या घरात तिच्या प्रत्येक बोलण्याला कोणीतरी भुवई वर करणार. ते मला चालणार नव्हतं.

मी शाळेत दोन यत्ता काढल्या. तिसरीत मास्तरांनी हात उगारला, मी पाटी तिथंच ठेवली आणि बापाबरोबर मिठागरावर गेलो. परत गेलो नाही. पण वस्तू पारखायला मला कोणाची यत्ता लागली नाही.

आधी घरातलीच कपडे धुवायची पावडर बादलीत घोळली. फेस आला. म्हटलं माणसांच्या अंगावर टाकायचाय, आधी आपल्या अंगावर बघू. तोंड बुडवलं बादलीत, डोळे उघडे ठेवून. संध्याकाळपर्यंत डोळे असे लाल की गल्लीतल्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं सणाच्या आधीच बाटली फोडली. ती पावडर बाद.

मग महाप्याच्या एका कारखान्यात माझा ओळखीचा होता, त्याच्याकडे गेलो. त्यानं पिशवीत पिवळट भुकटी बांधून दिली. "दादा, याचा फेस छपराला लागेल." लागला असता. पण माझ्या हाताची साल निघाली, कांद्यासारखी. परत जाऊन त्याला धरलं.

"मानसं धुवायला नव्हती दिली," तो म्हणाला. "ही मशिनी धुवायला हाय. तुमी विचारलात कुठं?"

"तू सांगितलास कुठं?"

तीही बाद. शेवटी वाशीला बाजाराच्या मागच्या बाजूला एक दुकान सापडलं. रंग, अत्तरं, साबणाचं सामान, सगळ्यांचा वास एकमेकांत मिसळून डोकं गरगरत होतं. दुकानदार तरुण, तोंडात मावा.

"फेसाची पावडर? आहे ना काका. शूटिंगवाले नेतात. हिरोईन आंघोळ करते ना टबात, तो हाच फेस."

मला ते ऐकूनच बरं वाटलं. हिरोईनला चालतं ते विहीणबाईंना चालेल. त्यानं दोन डबे काढले. एक गुलाबी, वासाचा. एक साधा, पांढरा. मी दोन्हींतली चिमूट चिमूट जिभेवर ठेवली.

"काका, काका! खायची नाय ती!"

"खात नाय. वाचतोय."

खरंच वाचत होतो. मिठागरात आम्ही मीठ जिभेनंच वाचायचो. कुठल्या आगरातलं, कधी ओढलेलं, पावसाचा थेंब लागला का, सगळं जीभ सांगायची. गुलाबी पावडर जिभेला चावली आणि वर शिंका आणल्या. पांढरी बोटात चोळली तर मऊ, तांदळाच्या पिठीसारखी, जिभेवर थोडी तुरट आणि मग काहीच नाही. दुकानाच्या नळाचं पाणी पेल्यात घेऊन ती विरघळवली, कागदाची नळी करून फुंकली. फेस वर आला आणि उभाच राहिला. फुगलेल्या भाकरीसारखा बसला नाही. मी तो उचलून डोळ्यात घातला.

दुकानदारानं मावा गिळला असावा. "काका, काय करता! पोलीस केस होईल!"

डोळा थंडगार. शर्टाच्या बाहीला लावला, वाळला, डाग नाही. फरशीवर टाकून वर उभा राहिलो, घसरलो. तेवढं चालेल म्हटलं. आमच्या गल्लीत पडायला जागाच नाही. माणूस घसरला तर शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून उभा राहतो.

त्यानं कृती सांगितली. मोठा पंखा, मांडववाल्यांकडे असतो तो. पुढं चौकटीवर ताणलेलं जुनं धोतर. धोतरावर वरून त्या पाण्याची धार सोडायची, पंख्याचा वारा मागून. पावडर पाण्यात हळूहळू सोडायची, मग तासभर बसू द्यायची. आणि पाणी गोडं पाहिजे.

"गोड्या पान्याचं मना नको सांगू," मी म्हटलं. "माझ्या बापानं खनलेली विहीर हाय दारात."

मांडववाला माझा भाडेकरू. पंखा मिळाला. धोतर माझंच. सणाच्या सकाळी विहिरीचं पाणी काढून मोठा ड्रम भरला आणि ढवळायला मिठागरातलं मीठ ओढायचं लाकडी फावडं घेतलं. बायको बाजूला उभी.

"एकदम ओतू नका. पिठल्याच्या गाठी होतील."

"हे पिठला नाय."

मी ओतली. गाठी झाल्या. तिनं बाह्या वर सारल्या आणि हात घालून एकेक गाठ फोडली.

पाहुणे दोन रिक्षा भरून आले. सगळे पांढरेशुभ्र. विहीणबाई पांढऱ्या साडीत, व्याह्यांच्या गळ्यात कॅमेरा, जावई, त्याच्या दोन बहिणी. लेक सगळ्यांच्या मागे, माझ्याकडे टक लावून. मी तिला मान हलवून सांगितलं, तयार आहे.

पंखा लावला. घर्र. धोतर फुगलं. पाण्याची धार सोडली. धोतरातून पाणी टपकलं. टप, टप. मग दह्याच्या चोथ्यासारखे पांढरे कण सुटले आणि वाऱ्यानं उडून व्याह्यांच्या कॅमेऱ्यावर बसले. आणखी धार सोडली. आणखी चोथा. फेस म्हणून एक बुडबुडा नाही.

विहीणबाई अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "अजून सुरू व्हायचंय का?"

"होतंय, होतंय. दम लागतो त्याला."

व्याह्यांनी रुमालानं काच पुसली. जावयाच्या बहिणीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. लेकीचे कान लाल झालेले मला ड्रमापासून दिसत होते. मी फावडं असं फिरवलं की हात खांद्यातून निघेल. चोथाच वाढला.

समोरच्या ओट्यावर आमची धवलारीण बसली होती. आमच्या लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणणारी म्हातारी, सगळ्या गल्लीची आजी. ती काठी टेकत उठली, ड्रमात बोट बुडवलं आणि चाटलं.

"मेल्या, पानी खारा हाय."

"माझ्या बापाची विहीर हाय ती!"

"तुझ्या बापाला पन मी हेच सांगितलेला."

गल्ली हसली. मी नाही हसलो. त्या विहिरीचं पाणी मी जन्मभर प्यायलो. आता मिठात वाढलेल्या जिभेला ते गोडच लागणार, यात विहिरीचा काय दोष? मात्र एक खरं, आमच्याकडे येणारा पाहुणा पाण्याचा पेला अर्धाच पितो. मला वाटायचं, लाजतात.

बायकोनं कानात सांगितलं, "पावडर अर्धी ठेवलीय मी. मना ठाव होता तुमी पहिली नासवनार."

म्हणजे पावडर होती. पाणी नव्हतं. नळ सकाळी येऊन गेलेला. आता गोडं पाणी होतं ते घराघरांतल्या हंड्यांत, प्यायचं. सणाचा दिवस, घराघरांत मटण शिजतंय आणि मी दारोदार जाऊन म्हणू, तुमचं प्यायचं पाणी द्या, मला फेस करायचाय? मी आयुष्यात कोणाच्या दारी काही मागायला गेलेलो नाही. पाय उचलेना. आणि तिकडं लेक उभी. तिनं हळूच पदर सावरला, पुढं होऊन सासूला खरं सांगायचं असं ठरवल्यासारखा.

म्हातारीनं ते बघितलं. तिनं लुगड्याचा घोळ खोचला, घसा खाकरला आणि मोठ्यानं धवला सुरू केला. हळदीच्या आंघोळीचं पाणी आणायला निघतात तेव्हाचा.

आमच्याकडे हा धवला ऐकून घरात बसलेली बाई मी बघितलेली नाही. लग्नाचं पाणी नाकारायचं नसतं. आधी एक दार उघडलं, मग दुसरं. बाया कमरेवर हंडे घेऊन बाहेर.

"कोनाचा पानी, गो आजी?"

"हिच्या हळदीचा!" तिनं काठी माझ्या लेकीकडे केली. "हॉलमदी लगीन उरकलं हिचं. आपल्या गल्लीचा पानी लागला का अंगाला? नाय ना? मग आज घ्या!"

गल्लीच्या टोकाला बेंजोवाले सणाचं वाजवत बसलेले, ते हंड्यांच्या मागं लागले. हंडे, कळश्या, प्लास्टिकच्या बादल्या, एकीनं तर फ्रिजमधल्या बाटल्याच आणल्या. चोथ्याचा ड्रम आडवा केला, धुतला, भरला. विहीणबाई विचारतायत, "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "पानी येतंय." तेवढ्यात कोणीतरी त्यांच्याही कमरेवर कळशी दिली आणि त्या निघाल्या की हो बेंजोबरोबर, शाळेच्या प्रभातफेरीत चालतात तशा ताठ!

या वेळी मला फावड्याला हात लावू दिला नाही. बायकोनं चिमूट चिमूट पावडर सोडली. तासभर बसू द्यायची तर बेंजो थांबेना. मग तासभर गल्ली नाचली. व्याही नाचले. मी पंख्याजवळ हाताची घडी घालून उभा.

मग धार सोडली.

धोतर आधी गुरगुरलं. मग त्यातून बोटाएवढा फेस निघाला, मग डोक्याएवढा, मग धोतर दिसेनाच. पांढरा डोंगर पंख्यापुढून सुटला आणि आमची गल्ली एवढी अरुंद की त्याला पसरायला जागा नाही. वर चढला! गुडघे गेले, कमरा गेल्या, ओटे गेले. वाशीच्या रुंद रस्त्यावर हाच फेस घोट्याला लागला असता. आमच्या गावठाणात तो खिडक्यांपर्यंत गेला. एक कोंबडी फेसात शिरली आणि भलतीकडूनच बाहेर आली. व्याह्यांचा चष्मा तेवढा दिसायचा. तो इकडून तिकडं तरंगत जायचा आणि म्हणायचा, "वा! वा!" म्हातारी पार बुडाली, पण तिचा धवला फेसाच्या आतून चालूच.

लेकीनं दोन्ही हातांत मावेल तेवढा फेस उचलला आणि सरळ सासूच्या डोक्यावर थापला. मग स्वतःच घाबरून थिजली. विहीणबाईंनी डोळे पुसले, अंबाड्यावरचा ढीग उचलला आणि सुनेच्या तोंडाला दोन्ही गालांवर, हनुवटीवर, कपाळावर असा लावला, की हळद लावतात तस्सा. लेक खिदळत फेसात बसलीच. कोणाचे डोळे चुरचुरले नाहीत. एकाचेही नाही. ते मी आधीच बघून ठेवलं होतं.

फेस बसायला लागला तेव्हा विहीणबाई माझ्याजवळ आल्या. पांढरी साडी गुडघ्यापर्यंत चिकटलेली, चेहरा पोरीसारखा.

"एक विचारू का? तो पहिला ड्रम का नासवलात मुद्दाम?"

बेंजो नेमका तेव्हाच थांबलेला. लेकीनं माझ्याकडे बघितलं. तिचं हसणं ओठांवरच अडकलं.

मी छाती पुढं काढली. "ती पद्धत हाय आमची. पहिला मान विहिरीचा. तिला दिल्याशिवाय फेस धरत नाय."

बायकोला जोराचा ठसका लागला. म्हातारी म्हणाली, "व्हय गो बाय, लय जुनी पद्धत." विहीणबाईंनी गंभीरपणे विहिरीला हात जोडले. मग जावयाच्या बहिणींनीही जोडले. व्याह्यांनी विहिरीचा फोटो काढला.

पुढच्या वर्षी धुळवडीच्या आधी विहीणबाईंचा फोन आला. "येतोय आम्ही. सोसायटीतले आणखी चौघं आहेत. आणि व्याही, विहिरीचं विसरू नका हं."

विसरून कसं चालेल? तेव्हापासून दर वर्षी आधी एक बादली आमच्या विहिरीच्या पाण्यात नासवतो, मग गोड्या पाण्याचा ड्रम लावतो. हल्ली गल्लीतल्या नव्या सुना त्या बादलीला हळदकुंकू वाहतात. का वाहतात ते त्यांनी कोणाला विचारलेलं नाही. विचारलं तर मी बसलोय सांगायला.