पहिल्या ओळीपुढचे पाच

मुलगी चार वर्षांची झाली, तरी तिचं बोलणं लोकांना उमगत नव्हतं. म्हणून तिला तळेगावातल्या एका स्पीच थेरपिस्ट बाईंकडे नेलं. त्यांनी माझ्या हातात एक फॉर्म दिला. मुलीचं बोलणं कुणाकुणाला कळतं, एवढंच त्यात विचारलं होतं. पहिल्या ओळीत आई-वडील, मग नातेवाईक, बालवाडीच्या बाई, शेवटी अनोळखी माणसं. नेहमी कळत असेल तर पाच गुण, कधीच कळत नसेल तर एक.

मी तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांवरच्या खोट्या खुणा पकडते. माल न तपासता कुणी बरोबरची खूण केली, तर मी त्याला सगळ्यांसमोर झापते. त्याच मी पहिल्या ओळीपुढे ठसठशीत पाच लिहिले. पोटच्या पोरीचं बोलणं कळत नाही, असं कुठली आई लिहून देईल? बाकीच्यांनाही सढळ हातानं गुण वाटले.

मुलगी त्या दिवशी थेरपिस्ट बाईंपुढे फारसं बोललीच नाही. माझे आकडे पाहून त्या म्हणाल्या, "घरी तर चांगलं कळतंय. सहा महिने वाट पाहू." मी पास झाल्यासारखी घरी आले.

खरं मला माहीत होतं. मुलगी दिवसभर तिला सांभाळणाऱ्या मावशींकडे असायची. त्या आंदर मावळातल्या, आता आमच्याच गल्लीत राहतात. संध्याकाळी मी आले की मुलगी धावत येऊन काहीबाही सांगायची आणि मी चपला काढता काढता, कुकर लावता लावता म्हणायची, "हो का? अरे वा!" त्यातलं निम्मंही मला कळत नसे. पण ती खूश दिसायची. निदान मला तसं वाटायचं.

ते सहा महिने संपायच्या आतच पाऊस लागला आणि मावशी दोन दिवस भातलावणीला गावी गेल्या. मी रजा घेतली. दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्याजवळ येऊन एकच काहीतरी सांगत राहिली. मी भाजी निवडत होते. म्हटलं, "हो का? छान!" तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. "अरे वा!" मी म्हणाले. तिनं माझ्या तोंडावर हात दाबून धरला. मग दाराआड जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मला वाटलं, हट्ट. मी बिस्किट दिलं. तिनं ते घेतलं नाही आणि दिवसभर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. मुलीनं त्यांना तेच सांगितलं. मावशी खाली बसल्या. "न्हाई कळलं गं बाय. परत सांग. दाव बरं मला." मुलीनं त्यांचं बोट धरून आपल्या कानाला लावलं. डॉक्टर म्हणाले, कान चांगलाच सुजलाय, दोन दिवसांपासून ठणकत असणार.

घरी आल्यावर मी मावशींवरच उखडले. "तुम्हाला तिचं सगळं कळतं, मग मला का नाही शिकवलंत?"

"मला तरी कुटं समदं कळतंय, ताई? मी न्हाई कळलं म्हनते, मंग ती दावती. तुमी लगीच व्हय म्हनता."

मला लाज वाटली, आणि अजून वाटते.

त्याच आठवड्यात मी थेरपिस्ट बाईंकडे जाऊन जुना फॉर्म मागितला. चूक दुरुस्त करायची आमच्या कारखान्यातली रीत आहे: आकडा गिरवून झाकायचा नाही, त्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी खरा आकडा आणि सही. पाचवर रेघ मारून मी दोन लिहिले. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उपचार लगेच सुरू झाले. मधले महिने मात्र माझ्यामुळे वाया गेले होते.

आता ती सात वर्षांची आहे आणि बऱ्यापैकी स्पष्ट बोलते. मावशींना तर शाळेतलं सगळं एका दमात सांगून मोकळी होते. माझ्याशी बोलताना मात्र मध्येच थांबते, माझा चेहरा न्याहाळते आणि विचारते, "आई, खरंच कळलं का?"

कळलेलं असतं. तरी ती काय म्हणाली ते मी तिला पुन्हा म्हणून दाखवते. तेव्हाच ती पुढचं सांगते.