लातूरच्या खोलीपेक्षा फूटभर मोठी

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं नांदेडला माझ्याकडे चार दिवस राहिलात आणि उरलेली सगळी सुट्टी लातूरला, तुमच्या आईच्या आईकडे. तुमचा बाबा म्हणाला, "आई, तुझ्याकडे मुलांना वेगळी खोली नाही, रात्री बाथरूमला मागच्या अंगणात जावं लागतं. तिकडे वरच्या खोलीत सगळं आहे." कारण पटण्यासारखं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

लातूरला लोक नळाची वाट बघत बसतात. आमच्याकडे गोदावरी आहे. तरी तुम्ही तिकडे.

दिवाळीनंतर विहीणबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. जेवून सगळे आडवे झाले, तेव्हा मी हळूच वर जाऊन ती खोली पाहिली. एसी, भिंतीतलं कपाट, खोलीला लागूनच बाथरूम. कपाटाच्या दारावर तुम्ही चिकटवलेले डायनासोर अजून तसेच होते. माझ्या घरात तुमचं असं काहीच चिकटलेलं नाही. मी फरशा मोजल्या, आधी उभ्या, मग आडव्या.

परतताना अहमदपूर मागे पडेपर्यंत मी मनात फरशांची फुटं केली, रुंदी बारा. मग तुमच्या आजोबांना म्हटलं, "आपण वर खोली बांधायची. त्यांच्यापेक्षा फूटभर रुंद."

"पोरांसाठी, का ईनबाईला दाखवायला?"

"दोन्हींसाठी," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

बांधकाम परवानगीसाठी लागणारे कागद मी आठवडाभरात लावून ठेवले. नकाशा काढणारा इंजिनिअर फाईल पाहून खूश झाला, पण खोलीचं माप ऐकून त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"काकू, खालचा हॉल बारा फुटांचा हाय. वर तेरा फूट पाहिजेत तर भिंत फूटभर बाहेर येणार. शेजारच्या बाजूनं जी जागा मोकळी सोडावी लागते, त्यात जाणार ती. नकाशा परत येईल बघा."

"दुसऱ्या बाजूला काढा मग."

"तिकडं जिना हाय की."

"तुम्ही काढून तर द्या," मी म्हटलं.

त्यानं काढून दिला. महापालिकेचे इंजिनिअर जागा पाहायला आले. त्यांनी शांतपणे टेप लावला, माझा चहा घेतला, आणि नकाशा परत आला. कारण तेच, एक फूट. ते नियमानेच वागले होते, त्यामुळे मला रागवायलाही कुणी उरलं नाही.

तुमच्या आईकडून ही बातमी लातूरला पोचली असणार. दुसऱ्याच दिवशी विहीणबाईंचा फोन.

"अवो ईनबाई, परमिशन अडकली म्हणं तुमची? फुटासाठी? आमची बारा फुटाचीच हाय की, लेकरं लोळत्यात तिथं. तेवढीच काढा अन् मोकळ्या व्हा."

मी तिच्या फरशा मोजल्या होत्या हे तिला ठाऊक नव्हतं. सल्ला अगदी बरोबर होता. तो दुसऱ्या कुणाकडून आला असता तर मी त्याच दिवशी मानला असता. तिच्याकडून आला म्हणून तसेच दिवस जाऊ दिले. शेवटी तुमचे आजोबा म्हणाले, "पावसाळ्यात बांधणार आहेस का? पोरं मे महिन्यात येतायत." तेव्हा कुठे मी इंजिनिअरला फोन करून बारा फूट लिहायला सांगितलं. परवानगी मिळाली. खोली आता लातूरएवढीच होणार, फरशीला फरशी.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला नकाशा दाखवला. खिडकी कुठे, तुमचे पलंग कुठे. धाकटीनं नीट पाहून विचारलं, "आणि लातूरची आजी कुठे झोपणार?"

"ती तिच्या घरी झोपेल."

"मग रात्री पत्ते कोण खेळणार? ती चीटिंग करते!" आणि तुम्ही दोघं असे हसलात की मला नकाशा बाजूला ठेवावा लागला.

तुम्ही दोघं आपसात इंग्रजी बोलता, ते मला शब्दन् शब्द कळतं. तिला निम्मंही कळत नाही. ती "यस यस" म्हणत पदराखालून पत्ता काढते. मी मात्र तुमची मराठी सुधारत बसते. एसी, बाथरूम, बारा फूट यांचा मी इतके महिने हेवा केला. त्या खोलीत रात्री तीही असते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिची ती जागा मिळवायला परवानगी कुठून काढायची?

संध्याकाळी मी तिला फोन करून मे महिन्यात इकडे राहायला यायचं आमंत्रण दिलं.

"येते की! लई बरं झालं. वरच झोपते लेकरांजवळ."

"नको, तुमचे गुडघे दुखतात. जिना चढायचा त्रास. तुमची गादी खाली हॉलमध्ये घालते."

"अन् वर कोण?"

"मी."

"तुमचे गुडघे बरे झाले का, ईनबाई?"

"अगदी."

पत्ते हॉलमध्ये खेळा, तिनं कितीही फसवलं तरी चालेल. झोपायला वर यायचं. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा घ्यायला मी इंजिनिअरला सांगितलं आहे. तेवढं मंजूर नकाशात बसतं, असं तो म्हणाला.