भांडी घासणाऱ्या परीचे पंख

पाच जाडजूड पुस्तकांत राबवून घेतलेल्या बाईचा न्याय अर्ध्या ओळीत उरकला, तर तुम्ही गप्प बसाल?

मी बसणारी नव्हे. माझं बालपण वडिलांच्या मोर्चांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलंय. पण त्या सकाळी पवनानगरहून कामशेतला जाणाऱ्या जीपमध्ये मी आदल्या रात्री संपवलेल्या पुस्तकावर नुसती उकळत होते. पऱ्यांच्या त्या इंग्रजी मालिकेची गोष्ट मी वर्षभर रोज जीपमध्ये मराठीत सांगत आले होते. शेजारी बसणारी ठाकरवाडीची मावशी लोणावळ्याच्या एका हॉटेलात भांडी घासायची. उद्यापासून ती लेकीच्या बाळंतपणाला शिरगावला जाणार होती. म्हणजे शेवट आजच सांगायला हवा होता.

एरवी शेवट होताही झकास! राणी हरली, जंगलाच्या वेशीवरचा कर उठला, सिंहासन मोडून त्याच्या फळ्यांचा पूल झाला. अख्ख्या जीपने टाळ्या वाजवल्या. मावशीने मात्र नाही.

"आन् माज्या भांडीवालीचं काय?"

तिची लाडकी परी राणीची दवाची भांडी घासायची. उलट बोलली म्हणून तिसऱ्या पुस्तकात तिचे पंख काढून घेतले होते.

मी पुस्तक उघडून वाचलं, "ज्यांचे पंख गेले होते, त्यांना ते परत मिळाले."

"फुडं?"

"एवढंच, मावशी."

"व्हय गं? घासताना पानंच्या पानं, आन् पंखाला अर्दी वळ?"

तेवढ्यात कामशेत आलं. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, उतरा, लोकल जाईल तुमची."

"जाऊ दे! हितं पंख फुटायचं ऱ्हायल्यात."

कोणीच उतरलं नाही. पुस्तकात नाही ते मी सांगणार नव्हते, तत्त्व म्हणजे तत्त्व. मग मावशीच सांगू लागली. "पयली पाठीला खाज सुटली. तिला वाटलं, राख लागली आसंल. मग पाठ वली झाली."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. "मग?"

"मग काय, हातातलं पातेलं दिलं टाकून. खरकटं तसंच!"

जीप हसून हलायला लागली. "आन् उडाली!" मागून कोणीतरी ओरडलं.

"न्हाई. आदी बसली. लय दिसांनी निवांत बसली. मग उडाली."

मावशी उतरली आणि पिशवी सावरत स्टेशनकडे चक्क पळाली. मालिकेच्या लेखिकेविरुद्ध मनात रचलेलं निषेधाचं पत्रक मी मनातच फाडलं. वडिलांच्या पत्रकातही शेवटची मागणी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात कोंबलेली असायची. कागद संपायचा, मागणी नाही. लेखिकेचाही कागदच संपला असेल.

म्हणून एक करा. तुमच्या लाडक्या मालिकेतही कोणाचा तरी न्याय असाच घाईत उरकला असेल. शेवटच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर तो सावकाश लिहून काढा, आणि पुस्तक कपाटात न ठेवता शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात द्या.